विहिरीतला पारवा आणि गच्चीवरचे कबूतर

प्रश्न : आमच्या मळ्यातील जुन्या दगडी विहिरीच्या कपारींत राखी रंगाचे पक्षी कित्येक वर्षांपासून राहतात. वडील त्यांना पारवे म्हणतात. मुलाजवळच्या एका विलायती पुस्तकात अशाच पक्ष्याची खूण म्हणून कमरेवरचा पांढरा पट्टा दाखवला आहे. आमच्या पक्ष्यांना तो दिसत नाही. मग हा पक्षी कोणता, आणि शहरातील कबुतरे याहून निराळी आहेत का?
— एक वाचक, जुन्नर तालुका

उत्तर : आपल्या वडिलांनी सांगितलेले नाव बरोबर आहे. हा पारवाच असून शास्त्रीय भाषेत त्याला कोलंबा लिव्हिया म्हणतात. पुस्तकही चुकलेले नाही. ते युरोपातील पारव्याविषयी बोलते एवढेच. तिकडच्या पारव्याची पाठ आणि शेपूट यांमधला भाग पांढरा असतो, तर भारतीय द्वीपकल्पातील उपजातीत तोच भाग बाकीच्या पाठीसारखा राखी असतो. परदेशी पुस्तक हाताशी धरून आपल्याकडचे पक्षी ओळखू पाहणाऱ्यांची अशी गल्लत नेहमी होते.

आपल्याकडे पाहावयाच्या खुणा वेगळ्या आहेत. मिटलेल्या पंखावर दोन ठळक काळे आडवे पट्टे, शेपटीच्या टोकाला एक गडद पट्टा, आणि मान उन्हात वळली की तिच्यावर चमकणारी हिरवी-जांभळी झाक. लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर. होला याहून लहान व सडपातळ असून त्याच्या पंखावर असे दोन पट्टे नसतात.

शहरातील कबुतरांचे म्हणाल, तर जात एकच आहे. माणसाने हजारो वर्षांपूर्वी रानातला पारवा पाळला, त्याचे नाना रंगरूपांचे वाण तयार केले आणि त्यांतून सुटलेले पक्षी पुन्हा मोकळे राहू लागले. हे सगळे पाळीव वाण एकाच रानटी पक्ष्यापासून झाले आहेत, असे चार्ल्स डार्विन यांनी एकोणिसाव्या शतकात पुराव्यानिशी मांडले होते. म्हणूनच शहरातील थव्यात पांढरी, तपकिरी, काळपट, ठिपकेदार अशी सरमिसळ दिसते. आपल्या विहिरीतील सारेच पक्षी एका रंगाचे असतील, तर त्यांत पाळीव रक्त कमी असावे, असा अंदाज करता येतो. पण केवळ पिसांवरून खात्री देणे धाडसाचे ठरेल, कारण दोन्हींचा संकर सहज होतो.

पारव्याचे मूळ घर म्हणजे कडा. उभ्या खडकातील कपार, जिथे मांजर किंवा मुंगूस सहजी पोहोचणार नाही, अशी जागा त्याला लागते. आणि सह्याद्रीतील कातळकडे, लेणी, किल्ल्यांचे पडके बुरूज, देवळांची शिखरे व दगडी बांधणीच्या विहिरी यांत ती भरपूर मिळते. आपल्या तालुक्यातील शिवनेरी आणि लेण्याद्रीकडे त्या दृष्टीने पाहावे. इमारतीच्या सज्जावर किंवा वातानुकूलन यंत्राच्या मागे कबूतर काड्यांचे ओबडधोबड घरटे करते, तेही त्याच्या लेखी कड्यातली कपारच असते. दिवसा थवे धान्य व कडधान्य टिपायला शेतांवर, खळ्यांवर उतरतात आणि पुन्हा कपारीकडे परततात. मादी बहुधा दोन पांढरी अंडी घालते, ती नर-मादी आळीपाळीने उबवतात आणि साधारण अठरा दिवसांत पिल्ले बाहेर येतात. पहिले काही दिवस त्यांना दोघेही गळ्यातील अन्नपिशवीच्या अस्तरापासून तयार होणारा दुधासारखा पदार्थ भरवतात. वीण जवळजवळ वर्षभर चालू असल्याने विहिरीचा गाळ काढण्यापूर्वी कपारींत एकदा डोकावून पाहिलेले बरे.

आणखी एक सोपी कसोटी झाडाची. पारवा सहसा झाडावर बसत नाही. महाबळेश्वर किंवा आंबोलीच्या सदाहरित जंगलात उंच झाडावर फळे खाताना मोठे, गडद कबूतर दिसले, त्याची पाठ लालसर तपकिरी असली आणि मानेच्या मागे सोंगटीच्या पटासारखी काळी-पांढरी नक्षी असली, तर ते निलगिरी रानकबूतर समजावे. मुंबई प्रांताचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्यावरून त्याचे शास्त्रीय नाव पडले आहे. ते पश्चिम घाटाबाहेर सहसा आढळत नाही, आणि विहिरीच्या कपारीत तर ते कधीच राहणार नाही.