वयाच्या पन्नाशीनंतर नव्या संगणकप्रणालीवर काम शिकणे जमते का?

आपले वडील ५६ वर्षांचे आहेत, त्यांच्या कार्यालयातील नोंदवह्यांचे काम या वर्षी संगणकप्रणालीवर जात आहे आणि ते स्वेच्छानिवृत्तीचा विचार करीत आहेत. या वयात असे काम शिकता येते का, असे आपण विचारले आहे. मी १९७८ साली एका राष्ट्रीयीकृत बँकेत लिपिक म्हणून रुजू झाले आणि २०१४ साली निवृत्त झाले, त्यामुळे हाताने लिहिलेले लेजर (खातेवह्या) आणि कोअर बँकिंग (सर्व शाखांची खाती एकाच मध्यवर्ती संगणकावर ठेवणारी प्रणाली) या दोन्हींवर मी काम केले आहे. शिकता येते, हे मी खात्रीने सांगू शकते. मात्र अडचण बोटांत किंवा स्मरणशक्तीत असते असा जो समज आहे, तो मला पटत नाही. आपली चूक नेमकी कुठे गेली आणि ती कशी निस्तरायची, हे कळेनासे होते. जुना माणूस घाबरतो तो त्याला.

लेजरच्या काळात चूक डोळ्यांना दिसत असे. पैसे काढण्याची स्लिप आली की ग्राहकाला टोकन देऊन आम्ही त्याच्या पानावर रक्कम नावे टाकत, म्हणजे वजा करत असू, शिल्लक काढत असू, अधिकारी सही पडताळून आद्याक्षर करीत, आणि दिवसअखेर डे बुक, म्हणजे दिवसभराच्या व्यवहारांची वही, जुळल्याशिवाय कोणी घरी जात नसे. महिन्याच्या बॅलन्सिंगला सगळ्या खात्यांच्या शिल्लका जनरल लेजरच्या, म्हणजे शाखेच्या एकत्रित खातेवहीच्या, आकड्याशी जुळवताना फरक आला, तर तो शोधण्याच्या युक्त्या ज्येष्ठ लोक कनिष्ठांना शिकवीत: फरकाला नऊने भाग जात असेल तर ५४ च्या जागी ४५ असे आकडे उलटे लिहिले गेले असावेत, आणि फरक सम असेल तर त्याच्या निम्म्या रकमेची एखादी नोंद नावेऐवजी जमेला गेली आहे का, ते आधी पाहावे. असा फरक चटकन काढणाऱ्या माणसाला शाखेत मान होता. संगणक आल्यावर बेरीज चुकेनाशी झाली आणि वीस-वीस वर्षांत कमावलेली ही विद्या कोणाच्या कामाची राहिली नाही. चूक मात्र नाहीशी झाली नाही. खातेक्रमांकाचा एक आकडा चुकून रक्कम भलत्याच्या नावावर पडली, तरी बेरजा जुळतात आणि ग्राहक तक्रार घेऊन येईपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. (ही चूक लेजरमध्येही होऊ शकत असे, पण पानाच्या माथ्यावरचे नाव समोर असल्यामुळे लिहिता हात थबकत असे.)

संगणकाला विरोध करणाऱ्यांची पुढे बरीच थट्टा झाली, ती मला योग्य वाटत नाही. कर्मचारी संघटना आणि भारतीय बँक संघ (बँकांच्या व्यवस्थापनांची संघटना) यांच्यात १९८३ साली करार झाला, तेव्हा यंत्रांच्या वापरावर मर्यादा होत्या. पुढे रिझर्व्ह बँकेने संगणकीकरणासाठी नेमलेल्या रंगराजन समितीच्या शिफारशी आणि १९९३ चा करार यांमुळे वाट मोकळी झाली, आणि केंद्रीय दक्षता आयोगाने ७० टक्के व्यवसाय २००० साल संपण्यापूर्वी संगणकावर आणण्यास सांगितल्यावर शाखाशाखांतून घाई सुरू झाली. आमच्यापैकी कोणाला संगणकामुळे काढून टाकले नाही, हे खरे. पण त्यानंतर लिपिकांची भरती कित्येक वर्षे जवळपास थांबली होती, म्हणजे संघटनांची भीती अगदीच निराधार नव्हती.

आम्ही शिकलो ते प्रशिक्षण केंद्रातील वर्गांमुळे फारसे नव्हे. तेथे संगणकाचे भाग आणि त्यांची कामे सांगत, आणि परत आल्यावर ते विसरायला होई. खरे शिक्षण झाले ते लेजर आणि संगणक काही काळ बरोबरीने चालवले गेले तेव्हा. दिवसभर दोन्हीकडे नोंदी करायच्या आणि संध्याकाळी छापील यादी लेजरशी ताडून पाहायची, हे काम दुप्पट आणि कंटाळवाणे होते, पण आपल्या कोणत्या कृतीचा पडद्यामागे काय परिणाम होतो ते त्यातून कळले. शिवाय जुन्या शिल्लका आणि खात्यांची माहिती यंत्रात भरताना तरुणांना आमच्याकडेच यावे लागे, कारण एकाच नावाचे दोन खातेदार कोणते, कोणाची सही आजारपणानंतर बदलली आहे, कोणते खाते दोघांपैकी कोणीही चालवू शकतो, हे जुन्यांना तोंडपाठ असे. या विचारण्यामुळे ज्यांचा उत्साह टिकला, ते यंत्रही शिकले. टंकलेखन येणाऱ्यांना तर काही आठवडेच लागले. सर्वांत जड गेले ते काही अधिकाऱ्यांना, कारण हाताखालच्या माणसाला विचारण्यात त्यांना कमीपणा वाटे आणि त्यापायी ते आपला पासवर्डच त्याच्या हवाली करून मोकळे होत, ही गोष्ट धोकादायक होती.

आम्हाला पटायला वेळ लागला, पण यंत्राने काही गोष्टी खरोखरच चांगल्या केल्या. पूर्वी बचत खात्यावर महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिल्लकेवर व्याज मिळत असे. १ एप्रिल २०१० पासून ते रोजच्या शिल्लकेवर मिळू लागले, आणि हजारो खात्यांचा हा हिशेब हाताने करणे कोणत्याही शाखेला शक्य नव्हते. सहामाही व्याजासाठी रात्री जागवलेल्या माणसाला याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

स्वेच्छानिवृत्तीविषयी एवढेच लिहिते की, २०००-०१ च्या योजनेत सरकारी बँकांतून सुमारे एक लाख लोक बाहेर पडले, आणि माझ्या ओळखीत जे पैशांचा हिशेब करून गेले ते समाधानी राहिले. केवळ संगणकाच्या धास्तीने गेलेल्यांना पुढे घरी बसून हळहळ वाटली. धास्ती टळलीही नाही, कारण तंत्रज्ञान निवृत्तांच्याही मागे येतेच. हयातीच्या दाखल्यासाठी २०१४ साली 'जीवन प्रमाण' ही बोटांच्या ठशांसारख्या खुणांवरून ओळख पटवणारी डिजिटल सोय आली. झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्राला वाचता येईनात म्हणून अनेकांना हेलपाटे पडले, आणि २०२१ साली चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आली. कागदी दाखला चालू ठेवला गेला, म्हणून ज्येष्ठांना ही नवी पद्धत धीराने वापरून पाहता आली.

तेव्हा वडिलांनी निवृत्तीचा अर्ज देण्याआधी कार्यालयात दोन गोष्टी विचाराव्यात: जुनी नोंदवही आणि प्रणाली काही काळ बरोबरीने चालणार आहेत का, आणि चुकीची नोंद कोणाच्या अधिकाराने व कोणत्या क्रमाने रद्द होते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी स्वतःच्या हाताने वहीत उतरवून घ्यावे. घरी सराव करताना ते अडले, तर आपण माउस त्यांच्या हातून घेऊ नका. कुठे दाबायचे ते तोंडाने सांगा आणि त्यांना दाबू द्या.