फुकट न्यूजलेटर पाठवतो, त्यातून जाहिरातीचे पैसे मिळतात का?

प्रश्न : मी दर गुरुवारी पुण्यातली नाटकं, गाण्याचे कार्यक्रम, प्रदर्शनं यांची यादी ईमेलने पाठवते, कुणाकडून एक पैसा घेत नाही. मैत्रिणींसाठी चालू केलं होतं, आता २००० लोक झालेत. घरचे म्हणतात एवढा वेळ घालवतेस तर जाहिराती टाक. एका व्हिडिओत बघितलं की ॲडसेन्सचा (गुगलची आपोआप जाहिराती दाखवणारी सेवा) कोड टाकला की पैसे सुरू. खरंय का, आणि किती मिळतील?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : ॲडसेन्सचं आधी डोक्यातून काढा. ईमेलमध्ये त्यांच्या जाहिराती टाकायला गुगलची परवानगीच नाही, आणि तसाही तो कोड मेलमध्ये चालत नाही. हेच अंक वेबसाइटवर ठेवलेत तर तिथे लावता येईल, पण २००० वाचकांवर त्यातून चहापाणीसुद्धा सुटणार नाही.

आता हिशोब बघा. मोठ्या कंपन्या हजार वाचकांमागे दर लावतात. धरा १०० रुपये दर आहे आणि तुमच्या २००० पैकी ८०० जण मेल उघडतात, तर एका अंकाचे झाले ८० रुपये! म्हणून हजारी दराच्या नादाला लागूच नका. अमेरिकेतल्या मॉर्निंग ब्रू या न्यूजलेटरचं उदाहरण सगळे देतात, त्याचा मोठा हिस्सा २०२० मध्ये बिझनेस इनसाइडरने घेतला वगैरे, पण त्यांचे वाचक लाखांत होते.

तुमच्याकडे वेगळी गोष्ट आहे. हे २००० लोक पुण्यातले, संध्याकाळी घराबाहेर पडून तिकिटावर पैसे खर्च करणारे. हे ज्याला हवेत त्याला थेट विका, अंकाला ठरलेला एकच दर. पण नाटकवाल्यांकडून फार आशा नको, ते पेपरातल्या छोट्या जाहिरातींचंच बजेट कसंबसं काढतात, ते तुम्हाला फार तर दोन पास देतील (घ्या की, काय बिघडलं). पैसे देणारे कोण, तर कथक नाहीतर गाण्याचे क्लास, दिवाळीआधी साड्यांची प्रदर्शनं भरवणारे, नाट्यगृहाच्या आसपासची हॉटेलं. यशवंतराव चव्हाण नाट्यगृहाजवळच्या एखाद्या हॉटेलवाल्याला नाटक सुटल्यावर जेवायला येणारी माणसं हवीच असतात, त्याच्याकडे जा, चार अंकांचे मिळून २००० रुपये मागा, तो १५०० म्हणेल, तेवढ्यात द्या.

फक्त त्याला 'इतक्या लोकांनी मेल उघडला' असले आकडे दाखवू नका. सप्टेंबर २०२१ पासून ॲपलचं मेल ॲप, प्रायव्हसीचं सेटिंग चालू असेल तर, माणसाने मेल बघितला नसला तरी आतली चित्रं आधीच डाउनलोड करतं, आणि मेल उघडला की नाही हे चित्र डाउनलोड झालं का यावरूनच मोजतात, म्हणजे न उघडलेले मेलही उघडलेले मोजले जातात. त्यापेक्षा 'गुरुवारची यादी म्हणा, १० टक्के सूट' असं ठेवा, किती जण आले ते गल्ल्यावर त्यालाच कळेल. पुढच्या महिन्याची जाहिरात त्यावरच मिळते.

एका अंकात एकच जाहिरात, आणि वर ठळक 'जाहिरात' लिहा. कुणी पैसे देऊन आपलं नाटक यादीत पहिलं टाकायला सांगितलं तर तीही जाहिरातच, तसं लिहायचं नसेल तर पैसे परत करा. लोक तुमची यादी वाचतात ते तुम्ही कुणाच्या खिशात नाही म्हणून.

आणखी एक, मराठीवाल्यांना हे कुणी सांगत नाही. साधारण १०२ केबीच्या पुढे मेल गेला की जीमेल तो मध्येच कापतं आणि देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह ३ बाइट खातं, इंग्रजीचं १. त्यात डिझाइनचा कोड आला की यादी लांबली म्हणजे शेवट गायब. जाहिरात तळाशी असेल तर गेलीच, आणि सदस्यत्व रद्द करायची लिंकही तिथेच असते, ती सापडली नाही की लोक सरळ स्पॅम दाबतात.

प्रश्न : माझ्याकडे ३०० च सबस्क्रायबर आहेत. एकजण ५० हजार ईमेल पत्ते स्वस्तात देतोय. घेऊ का? जाहिरातदाराला मोठा आकडा दाखवता येईल.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नको! त्या लोकांनी तुम्हाला बोलावलेलं नाही, ते स्पॅम दाबणार. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू याबाबत कडक झालेत, स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवा म्हणतात. म्हणजे १००० मेलमागे तिघांनी दाबलं की तुमच्या खऱ्या ३०० जणांचे मेलसुद्धा स्पॅममध्ये जायला लागतील. त्यात २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे, संमती विचारली तर काय दाखवणार?

प्रश्न : जाहिरातीचे पैसे यायला लागले, महिन्याला सातआठ हजार. जीएसटी काढावा लागेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : एवढ्यावर नाही. सेवेसाठी मर्यादा वर्षाला २० लाखांची आहे, पण त्यात तुमचा दुसरा धंदा असेल तर तोही धरायचा. इन्कम टॅक्सच्या रिटर्नमध्ये मात्र दाखवा. साधं बिल करा, पॅन टाका. एखादी कंपनी एका बिलाला ३० हजारांच्या वर किंवा वर्षात मिळून १ लाखाच्या वर देत असेल तर ती १ टक्का टीडीएस कापेल, घाबरू नका, तो तुमच्या नावावर जमा झालाय ना एवढं बघा आणि रिटर्न भरताना वळता करून घ्या.