एफआय (फ्युएल इंजेक्शन) बाइकची आयडलिंग वरखाली होते. स्क्रू फिरवायचा की रीमॅप करायचं?

तुमची गाडी गरम झाली की आयडलिंग 1400 आरपीएमवर टिकत नाही, 2100 पर्यंत चढते आणि पुन्हा खाली येते. गॅरेजवाला म्हणतो थ्रॉटल स्टॉप स्क्रू फिरवून देतो, मित्र म्हणतो ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) रीमॅप कर, म्हणजे त्यातला पेट्रोलचा तक्ता, मॅप, बदल. दोघांचंही ऐकू नका. थ्रॉटल बॉडीवरच्या (इंजिनला हवा सोडणाऱ्या भागावरच्या) ज्या स्क्रूवर कंपनीने रंगाचा ठिपका मारलाय, तो आयडलिंगचा स्क्रू नाहीच. ‘स्क्रू दिलाय म्हणजे फिरवायलाच दिलाय’ हे ऐकून कान किटलेत, म्हणून जरा लांबण लावतो.

तो स्क्रू फक्त बटरफ्लाय, म्हणजे थ्रॉटल बॉडीतली हवेची झडप, पूर्ण मिटल्यावर कुठे टेकेल ते ठरवतो. आयडलिंगची हवा बटरफ्लायला वळसा घालून बायपासमधून येते आणि ती किती सोडायची हे आयएसीव्ही, म्हणजे ईसीयूच्या हुकमावर चालणारा छोटा व्हॉल्व्ह, ठरवतो. स्क्रू अर्धा आटा आत घेतला की टीपीएसचं, म्हणजे थ्रॉटल किती उघडलंय ते सांगणाऱ्या सेन्सरचं, व्होल्टेज वाढतं. मग थ्रॉटल मिटलंय हेच ईसीयूला पटत नाही, तो आयडल मोडमधून बाहेर पडतो आणि व्हॉल्व्ह सांभाळायचं सोडून देतो. काही ईसीयू चावी लावताना दिसलेलं व्होल्टेजच शून्य धरतात. तिथे स्क्रूचा हा घोळ लपून राहतो, पण आयएसीव्हीला बंद व्हायला जागा उरत नाही.

हल्लीच एक 250 सीसीची सिंगल सिलिंडर गाडी बघण्यात आली, तक्रार अगदी तुमच्यासारखी. स्क्रूवरचा रंग तडकलेला. मॅन्युअलप्रमाणे मिटलेल्या थ्रॉटलला 0.5 व्होल्टच्या आसपास हवं, तिथे मीटरवर 0.78. स्क्रू कोणीतरी आधीच फिरवला होता, पण मूळ आजार वेगळाच. थ्रॉटल बॉडी आणि हेडच्या मधला रबरी बूट खालच्या बाजूला, क्लॅम्पच्या काठाशी चिरलेला. क्लॅम्प आवळून आवळून रबरात रुतला होता. गार असताना चीर मिटलेली, म्हणून सकाळी गाडी गुणी. रबर तापून ढिलं पडलं की हवा आत.

आता गंमत बघा. कार्ब्युरेटरच्या गाडीत जास्तीची हवा शिरली की मिश्रण पातळ होऊन इंजिन अडखळतं. इथे मॅनिफोल्डमधला, म्हणजे थ्रॉटल आणि इंजिनच्या मधल्या वाटेतला, दाब मॅप सेन्सर मोजतो (ईसीयूच्या मॅपशी याचा फक्त नावाचा सारखेपणा). दाब वाढला की ईसीयू इमानदारीने तेवढं पेट्रोलही वाढवतो आणि रेस चढते. ईसीयू आयएसीव्ही बंद करत जातो, तरी रेस उतरत नाही. थ्रॉटल मिटलेलं आणि आरपीएम चढलेले, म्हणजे गाडी उतारावर असणार असं समजून तो इंजेक्टर बंद करतो. आरपीएम धाडकन पडले की पुन्हा चालू करतो. ती ठेक्यातली ‘व्हूं… व्हूं…’ म्हणजे हेच.

चिरेजवळ कार्ब क्लीनरचा छोटासा फवारा मारला की इंजिनचा सूर लगेच बदलतो, लीक सापडलं. त्या गाडीला नवा बूट बसवला, स्क्रू मागे घेऊन व्होल्टेज मॅन्युअलच्या आकड्यावर आणलं, ईसीयू रीसेट केला. आयडलिंग 1400 वर येऊन गप्प बसली. मॅपला हातही लावला नाही.

तुम्ही याच क्रमाने जा. आधी ॲक्सिलरेटर केबल: ग्रिपला 2 ते 6 मिमी ढील हवी, आणि हँडल दोन्ही टोकांना वळवल्यावर रेस बदलता कामा नये. मग कोड, म्हणजे डॅशवरचा दिवा लुकलुकून सांगतो तो बिघाडाचा आकडा. होंडाच्या बऱ्याच गाड्यांत लांब ब्लिंक म्हणजे दहा, आखूड म्हणजे एक; दोन लांब आणि नऊ आखूड, म्हणजे 29, आयएसीव्ही. चिरलेल्या बुटाचा कोड येत नाही, त्यामुळे ‘स्कॅनर लावला, सगळं ओके’ या वाक्याला अर्थ नाही. मग बूट, मॅप सेन्सरची नळी, आणि बायपासमधला कार्बन. इंजिनच्या तापमानाचा सेन्सर गारच दाखवत असेल तर ईसीयू पेट्रोल आणि रेस दोन्ही चढं ठेवतो; हा सेन्सर 20 अंशाला साधारण 2 ते 3 किलोओहम आणि 80 अंशाला 300 ओहमच्या आसपास दाखवतो.

रीमॅपचं म्हणाल तर आयडलिंगला आणि संथ चालीत बहुतेक गाड्या ओटू (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन बघणारा) सेन्सर बघून मिश्रण 14.7 च्या (एक भाग पेट्रोलला इतके भाग हवा) आसपास स्वतःच राखतात. मॅपचा खरा प्रश्न फुल थ्रॉटलला येतो. सायलेन्सर आणि फिल्टर बदलला असेल तर वाइडबँड (मिश्रणाचा नेमका आकडा दाखवणारा सेन्सर) लावून तिथे 13 च्या जवळपास आणा. आजारी गाडीवर मॅप चढवला की आजारच मॅपमध्ये लिहिला जातो.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. काही जुन्या एफआय गाड्यांना आयएसीव्ही नसतो, हाताने फिरवायची आयडल नॉब असते. ती खुशाल फिरवा, इंजिन पूर्ण गरम करून. काही थ्रॉटल बॉडींच्या आत मॉलिब्डेनमचा लेप असतो, तिथे क्लीनर मारलात तर लेप जातो आणि आयडलिंग कायमची बिघडते. नुसत्या मऊ फडक्याने पुसा. फवारा तापलेल्या सायलेन्सरवर उडाला तर पेट घेतो, आणि हे सगळं बंद खोलीत करू नका.

आयडलिंग चढण्याऐवजी गरम झाल्यावर खाली पडून गाडी बंद होत असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हचा गॅप, बघा. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा गॅप संपला की तो तापल्यावर नीट बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं. गॅप मोजायचा तो इंजिन रात्रभर गार झाल्यावरच.