पहिलं घर लावायचंय, आधी काय घेऊ?

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही भुसावळला टू बीएचके फ्लॅट घेतलाय, सगळ्यात वरचा मजला. मे महिन्यात माझं लग्न आहे. घराचा हप्ता १४,५०० रुपये जातो, हातात १ लाख ८० हजार आहेत. एका दुकानदाराने सोफा, बेड, डायनिंग, टीव्ही युनिट, वॉर्डरोब असं पॅकेज दाखवलं, रोखीत २ लाख ३६ हजार नाहीतर ११,००० चे २४ हप्ते. होणारी बायको म्हणते किचन आधी, आई म्हणते पलंग सागाचाच. डोकं चालत नाही, काय करू?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : दादा, पॅकेजवर सही केली नसेल तर करू नका. ११,००० चे २४ हप्ते म्हणजे २ लाख ६४ हजार, रोखीपेक्षा २८ हजार जास्त, आणि घराचा हप्ता धरून महिन्याला २५,५०० जाणार, तेही संसाराच्या पहिल्या दोन वर्षांत. आणि ती यादी परत एकदा वाचा, भुसावळच्या मे महिन्यात लागणारी एकही वस्तू त्यात नाहीये, ना पंखा, ना कुलर, ना फ्रीज.

आम्ही जळगावला पहिलं घर घेतलं तेव्हा आधी हॉलमध्ये रेक्झिनचा सोफा आणून ठेवला होता. पश्चिमेची भिंत, एप्रिल लागला की त्यावर बसवत नव्हतं, पैसे संपलेले म्हणून कुलर नाही, पूर्ण उन्हाळा ओल्या चादरी खिडकीला लावून काढला. म्हणून कळकळीने सांगते, पहिला पैसा गरमीवर घाला. वरचा मजला आहे तर सोसायटीला विचारून गच्चीवर पांढरा लेप मारून घ्या, पश्चिमेच्या खिडक्यांना जाड पडदे लावा. पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे घ्या, साधा पंखा साधारण ७५ वॅट खातो आणि हा ३० च्या आसपास, रोज १५ तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला २० युनिट वाचतात. आपल्याकडे हवा कोरडी त्यामुळे पत्र्याचा मोठा कुलर मस्त काम करतो, फक्त तो खिडकीत बाहेरची हवा घेईल असा बसवा आणि समोरचं दार थोडं उघडं ठेवा, बंद खोलीत नुसती चिकचिक होते. एसी आत्ता नका घेऊ पण त्याचा पॉवर प्लग आत्ताच बसवून घ्या, नंतर भिंत फोडावी लागते.

किचनबद्दल तुमच्या होणाऱ्या बायकोचं बरोबर आहे, पण कॅटलॉग बघून ऑर्डर देऊ नका. मॉड्युलरवाले ट्रॉल्यांनी सगळी जागा भरून टाकतात आणि मग गव्हाची कोठी, दादर ज्वारीची कोठी, वर्षभराचे पापड, बिबडे, कुरडयांचे डबे ठेवायचे कुठे? आधी आईंना विचारून कोठ्यांची मापं घ्या, तेवढी जागा सोडा, मग उरलेल्या जागेत काय बसतं ते बघा. यावर्षी फक्त सिंकखालचं आणि गॅसजवळचं करून घ्या. सिंकखाली आयएस ७१० चा, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय मागा, नंबर शीटवर छापलेला असतो, तो स्वतः वाचा. आयएस ३०३ मधला साधा, एमआर ग्रेडचा प्लाय कोरड्या खोलीत चालतो, पाण्याजवळ नाही. पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, तर फरशी पुसतानाच्या पाण्यानेसुद्धा खालून फुगतो, त्या पॅकेजमधला बेड कशाचा आहे ते दुकानदाराला नक्की विचारा.

कपडे लोखंडी कपाटात राहतील. सोफा, डायनिंग, टीव्ही युनिट यावर्षी नको, गादी आणि सतरंजीवर पाहुणे बसतात, आपल्याकडे कोणी त्याचं वाईट वाटून घेत नाही. नातेवाईक आहेर काय देऊ विचारतात ना, त्यांना मोकळेपणी सांगा मिक्सर द्या, कुकर द्या, नाहीतर चार डिनर सेट येऊन माळ्यावर पडतात. आणि ४० हजार हातात राहू द्या, नवीन घरात नळ, गिझर, दरवाजे यांचं काही ना काही निघतंच.

राहिला आईंचा पलंग. साग घ्यायचाच, त्यांचं खरंय, तो तुमच्या मुलांनाही पुरेल. फक्त लग्नाच्या घाईत सुतार ओलं लाकूड वापरतो आणि आपल्या उन्हात ते आकसून सांध्यात फटी पडतात. वाळलेला साग बघून ठेवा, थोडा थोडा पैसा साठवा आणि दिवाळीनंतर घरीच सुतार बसवून करून घ्या, लाकूड निवडायला आईंनाच सोबत न्या.