असतं तर...

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. त्यात 'असतं तर', 'नसतो तर' नऊ वेळा आलंय. पेन्सिलीनं खुणा करून मोजलं. मुलाखतीत गप्प बसलो नसतो तर, तयारी आधी सुरू केली असती तर... त्या खोलीतून तू बाहेर पडलास त्याला दोन वर्षं झाली, पण रोज रात्री पुन्हा आत जाऊन बसतोस.

'विसरून जा' असं मी सांगणार नाही. ते ठरवून जमत नाही. डॅनिएल वेग्नर या मानसशास्त्रज्ञानं १९८७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आणि तरी तो मनात आलाच तर घंटी वाजवायची, एवढंच लोकांना सांगितलं होतं. घंट्या वाजतच राहिल्या. नंतर मुभा दिल्यावर तर, आधी मनाई झालेल्यांच्या मनात ते अस्वल इतरांपेक्षा जास्त वेळा आलं. म्हणून आठवण आली तर येऊ दे. तिच्याशी हुज्जत मात्र घालू नकोस.

त्या हुज्जतीत काय जातं, ते मी भोगलंय. एका वरिष्ठानं चारचौघांत माझा अपमान केला होता. त्याला काय सुनवायला हवं होतं, ते मी पुढे कित्येक वर्षं मनात घोळवत राहिलो. अशाच एका संध्याकाळी मुलगी समोर येऊन उभी राहिली. तोंड उघडून, खालचा दात जिभेनं ढकलत म्हणाली, "बाबा, बघा ना, किती हलतोय!" मी "हो, छान" म्हणालो. डोळे तिच्याकडे होते, पण मनात मी त्याच माणसाला उत्तर देत होतो. दुसऱ्या दिवशी शाळेत तो दात पडला. तिचा पहिला दात. अजून चुटपुट लागते.

आणि ज्याच्यापायी हे झालं, तो प्रसंग तरी मला नीट आठवतो का? आठवताना मन दर वेळी गोष्ट थोडी नव्यानं रचतं, हे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच मांडलं होतं. माझ्या मनातला तो वरिष्ठ वर्षागणिक अधिक क्रूर होत गेला, मी अधिक बिचारा. तुझ्या मुलाखतीतली माणसंही आता मूळची उरली नसतील.

त्या दिवसातलं करण्यासारखं जेवढं उरलंय, तेवढं उचल. चारजणांसमोर बोलताना शब्द अडतात ना? मग आठवड्यातून दोनदा कुणासमोर तरी उभा राहून बोल. सुरुवातीला घसा कोरडा पडेल, पडू दे.

आणखी एक. मित्राचे दोन फोन उचलले नाहीत, असं तू पत्रात ओझरतं लिहिलंयस. त्याच्या आईचं ऑपरेशन आहे, हेही त्याच ओळीत आहे. पत्र बाजूला ठेव आणि त्याला आत्ता फोन कर. मुलाखतीचा विषय काढू नकोस. आई कशी आहे ते विचार, आणि तो बोलेल तितका वेळ ऐकत राहा.

तुझा,
काका