नवे हॉकी ग्लोव्हज हातात कसे रुळवावेत?

प्रश्न : मी दोन वर्षांपासून आइस हॉकी खेळते. आतापर्यंत दुसऱ्याचे वापरलेले ग्लोव्हज घालत होते. यंदा प्रथमच नवे कोरे, 14 इंची ग्लोव्हज घेतले. ते घालून स्टिक धरली की मूठ पूर्ण मिटत नाही, अंगठा वळत नाही आणि पक (खेळातली रबराची चपटी चकती) डावीकडून उजवीकडे नेताना वरच्या हाताचे मनगट अडखळते. कोणी ते कोमट पाण्यात भिजवायला सांगतात, कोणी तेल चोळायला, तर एका सहकाऱ्याने थोडा वेळ ओव्हनमध्ये ठेवण्याचा सल्ला दिला आहे. यांतले काय करावे?

उत्तर : यांतले काहीही करू नये. ग्लोव्ह रुळवण्यासाठी दोनच गोष्टी लागतात : तुमचा हात आणि तुमची स्टिक. मात्र सुरुवात करण्यापूर्वी कडकपणा नेमका कुठे जाणवतो ते शोधून काढा, कारण ग्लोव्हमधला काही कडकपणा मुद्दाम ठेवलेला असतो आणि तो घालवायचा नसतो.

ग्लोव्ह घालून हात सैल सोडा. बोटांची टोके ग्लोव्हच्या टोकांपासून साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर आत राहिली, तर माप बरोबर आहे. टोके आताच दाबली जात असतील, तर कितीही दिवस घातले तरी उपयोग नाही. वापराने आतला फोम दबतो आणि ग्लोव्ह रुंदीला थोडा सैलावतो, पण लांबीला वाढत नाही. उलट मूठ मिटताना तळव्याचे कापड बोटांखाली गोळा होत असेल, तर ग्लोव्ह मोठा आहे, आणि तुम्ही ज्याला कडकपणा म्हणता तो खरे तर जास्तीच्या कापडाचा चोळामोळा आहे. या दोन्ही परिस्थितींत ग्लोव्ह न वापरता बदलून घेणे हाच शहाणपणा आहे.

माप बरोबर असेल, तर अंगठ्याकडे पाहा. अंगठ्याच्या पाठीमागे प्लास्टिकचा तुकडा बसवलेला असतो. रिंकच्या कडेच्या फळीवर हात आदळला किंवा दुसऱ्याची स्टिक लागली तर अंगठा उलटा मुरगळू नये, हे त्याचे काम. काही ग्लोव्हजमध्ये हा अंगठा एकसंध असतो, काहींमध्ये मधोमध सांधा दिलेला असतो. सांध्याचा अंगठा काही दिवसांत सहज वळू लागतो. एकसंध अंगठा मात्र शेवटपर्यंत ताठच राहतो, आणि तो मोडून मऊ करण्याचा प्रयत्न म्हणजे ज्या संरक्षणासाठी पैसे मोजले तेच काढून टाकणे होय. एकसंध अंगठ्यात स्टिक धरताना अंगठा दांड्याभोवती वळवण्याऐवजी दांड्याच्या बाजूने टेकवण्याची सवय लावून घ्यावी. पकड तितकीच घट्ट राहते.

आता रुळवण्याची रीत सांगतो. रोज 20 ते 30 मिनिटे, बर्फावर जाण्याची गरज नाही, घरातच ग्लोव्हज घालून स्टिक हातात घ्या आणि एखादा चेंडू जमिनीवर इकडून तिकडे फिरवत राहा. वाचताना, बोलताना नुसते घालून बसण्याने फारसे साधत नाही, कारण रिकाम्या हातात ग्लोव्ह जिथे दुमडतो तिथे तो खेळताना दुमडत नाही. स्टिक धरलेल्या हाताची सर्वांत खोल घडी अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात पडते. चेंडू फिरवून झाल्यावर तळवा उजेडात धरून पाहिलात, तर तिथे एक बारीक तिरकी रेघ उमटलेली दिसेल. ती रेघ म्हणजे ग्लोव्हने तुमची पकड ओळखायला सुरुवात केल्याची खूण. त्या घडीवर दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने हलके दाबत राहा. मग प्रत्येक बोट एकेक सांध्यातून आत वळवा आणि हाताच्या पाठीवरचे फुगीर पट्टे जिथे एकमेकांना भिडतात, ते सांधे मागेपुढे हलवून मोकळे करा.

तुमच्या मनगटाच्या तक्रारीचे कारण बहुधा कफ, म्हणजे ग्लोव्हचा मनगटाभोवतीचा भाग, आहे. वरचा हात स्टिकच्या टोकाशी असतो आणि पक फिरवण्यासाठी सगळे वळण तोच देतो, म्हणून कफचा ताठपणा खालच्या हाताला कळतही नाही आणि वरच्या हाताला मात्र सतत टोचतो. कफला नाडी असेल तर ती सैल करा, कफ बोटांनी बाहेरच्या दिशेने वारंवार उलटवा, आणि कोपराचे पॅड खाली सरकून त्यावर घासत नाही ना, हेही तपासा. माझ्या अनुभवात हा शेवटचा दोष फार वेळा आढळतो आणि त्याचे खापर ग्लोव्हवर फुटते.

तेल, पाणी आणि उष्णता यांच्याविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. आजच्या बहुतेक ग्लोव्हजचा तळवा खऱ्या कातड्याचा नसून कृत्रिम स्वेडचा (मऊ, लवदार कापडाचा) असतो. कातडे तेल पिते. कृत्रिम स्वेडवर तेल नुसते बसून राहते, पकड निसटती करते आणि धूळ धरून ठेवते. पाण्यात बुडवल्यास फोम आणि अस्तर आतपर्यंत भिजते आणि लवकर वाळत नाही. तळवा फारच ताठ असेल, तर ओलसर फडक्याने तो पुसून लगेच ग्लोव्ह हातात घालावा आणि सुकेपर्यंत स्टिक फिरवावी, एवढीच मुभा आहे. ओव्हन तर पूर्णपणे वर्ज्य. काही स्केट्सचे बूट तापवून पायाला बसवता येतात, कारण ते त्यासाठीच बनवलेले असतात. ग्लोव्हमधला फोम, गोंद आणि प्लास्टिक तसे नसतात. खेळायला लागलो त्या काळात मी एकदा भिजलेले ग्लोव्हज रात्रभर हीटरवर ठेवले होते. सकाळी तळवा वाळलेल्या पानासारखा कुरकुरीत झाला होता आणि पुढच्याच सरावात बेचक्यात फाटला. तेव्हापासून ग्लोव्हज नेहमी तोंड उघडे ठेवून पंख्याच्या वाऱ्यात वाळवतो. वाळून ताठ झालेले तळवे एकमेकांवर चोळले की पुन्हा मऊ होतात.

एवढे केलेत, तर चार-सहा सरावांत फरक स्पष्ट जाणवेल. तोपर्यंत सामन्यासाठी जुने ग्लोव्हज फाटके असले तरी चालतील असे मात्र समजू नका. त्याचे कारण पुढच्या उत्तरात आहे.

प्रश्न : पकड चांगली यावी म्हणून तळवा कापून टाकला तर चालेल का?

उत्तर : नाही. उघड्या हाताने पकडता यावे म्हणून तळव्याचा सगळा किंवा काही भाग काढलेला वा कापलेला ग्लोव्ह एनएचएलच्या (उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक आइस हॉकी लीगच्या) नियमांनुसार बेकायदा ठरतो. त्यामागचे कारणही रास्त आहे : उघड्या बोटांनी प्रतिस्पर्ध्याची जर्सी किंवा स्टिक गुपचूप धरता येते. तळवा झिजला असेल तर तेवढाच बदलून शिवून घेता येतो. स्टिकच्या टोकावरची खरखरीत टेप तळवा लवकर खाते, तेव्हा तीही पाहा.

प्रश्न : माझा 11 वर्षांचा मुलगा गोलरक्षक आहे. त्याचा नवा कॅच ग्लोव्ह (पक झेलण्याचा ग्लोव्ह) त्याला मिटताच येत नाही. काय करावे?

उत्तर : खेळाडूचा ग्लोव्ह हाताला बसतो, पण गोलरक्षकाचा कॅच ग्लोव्ह बिजागरीसारखा मिटावा लागतो, म्हणून इथे मेहनत खरोखरच जास्त आहे. प्रथम तो ग्लोव्ह प्रौढांच्या मापाचा नाही ना, याची खात्री करा. मुलांच्या मापाचे ग्लोव्हज कमी ताकदीच्या हाताने मिटावेत असे बनवलेले असतात, आणि ‘पुढे वाढेल’ म्हणून मोठा घेतलेला ग्लोव्ह मुलाला पक सोडायलाच शिकवतो. माप योग्य असेल, तर रोज रात्री जाळीच्या खोबणीत एक-दोन चेंडू ठेवून, ग्लोव्ह त्याच्या नैसर्गिक घडीवर मिटवून स्केटच्या लेसने बांधून ठेवा. घडी चुकीच्या जागी पाडू नका. एकदा पडली की ती जात नाही. दिवसा तुम्ही स्वतः समोर उभे राहून हाताने हळू पक फेका आणि त्याला प्रत्येक वेळी ग्लोव्ह पूर्ण मिटायला सांगा. पकचे वजन 156 ते 170 ग्रॅम असते, म्हणून सुरुवात चेंडूने केली तरी शेवटी पकनेच खोबण घडते. ग्लोव्हवर उभे राहणे किंवा त्यावरून गाडी नेणे असले उपाय ऐकू येतील. त्यांनी मनगटाशी असलेला कडक भाग तडकतो आणि तो तडा बाहेरून दिसतही नाही.