इंग्रजीतले दुर्मीळ शब्द शिकण्यात कसला आनंद आहे?

जे शब्द कुणी बोलत नाही आणि वापरले तरी समोरच्याला कळत नाहीत, ते शिकून काय मिळते, असा आपला प्रश्न आहे. माझ्यापुरते सांगायचे तर हा आनंद शब्द वापरण्यात नसून त्याची व्युत्पत्ती उलगडण्यात आहे. अर्थ एका ओळीत संपतो. पण तो शब्द कुणी, कधी आणि कुणाला उद्देशून घडवला हे शोधू लागले की वेळेचे भान राहत नाही.

‘अल्ट्राक्रेपिडेरियन’ हा माझ्या विशेष आवडीचा शब्द. आपल्याला ज्यातले कळत नाही त्यावरही मत ठोकून देणारा, हा त्याचा अर्थ. त्याच्या मुळाशी रोमन लेखक प्लिनी याने सांगितलेली ग्रीक चित्रकार अपेलीसची गोष्ट आहे. चपला शिवणाऱ्या एका कारागिराने चित्रातल्या चपलेची चूक दाखवली आणि अपेलीसने ती सुधारली. त्यामुळे हुरूप येऊन तो कारागीर चित्रातल्या पायालाही नावे ठेवू लागला, तेव्हा चपलेच्या वर जाऊ नकोस, अशी समज अपेलीसने त्याला दिली. लॅटिनमध्ये ‘अल्ट्रा’ म्हणजे पलीकडे आणि ‘क्रेपिडा’ म्हणजे चप्पल. विल्यम हॅझलिट या निबंधकाराने १८१९ मध्ये विल्यम गिफर्ड या समीक्षकाला उद्देशून लिहिलेल्या पत्रात हे विशेषण योजले. गिफर्डने लहानपणी जोडे शिवणाऱ्याकडेच उमेदवारी केली होती, हे कळले की शब्दाची खरी धार जाणवते. एखाद्याला त्याच्या जुन्या कामावरून हिणवणे मला मुळीच पटत नाही, तरीही दोन हजार वर्षांपूर्वीची गोष्ट आणि एका माणसाचे बालपण एकाच विशेषणात बसवण्याचे कसब थक्क करणारे आहे.

व्युत्पत्तीचे मोल ‘डॉर्ड’ या शब्दावरून सर्वांत चांगले कळते. वेबस्टरच्या १९३४ च्या मोठ्या शब्दकोशात तो ‘घनता’ या अर्थाने छापला गेला. वास्तविक मूळ चिठ्ठीवर, मोठा किंवा लहान ‘डी’ हे अक्षर घनतेचे संक्षिप्त रूप आहे, एवढीच नोंद होती. मधल्या ‘ऑर’सह (म्हणजे इंग्रजी ‘किंवा’सह) ती अक्षरे जोडून वाचली गेली आणि नवा शब्द जन्माला आला. १९३९ मध्ये तो एका संपादकाच्या नजरेत भरला, कारण त्याच्यापुढे व्युत्पत्ती दिलेली नव्हती.

सगळेच शब्द इतके नाट्यमय नसतात. ‘ॲप्रिसिटी’ म्हणजे हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब; हेन्री कॉकरम याच्या १६२३ च्या कोशात तो आहे, पण व्यवहारात कधी रुळला नाही. याउलट पहिल्या पावसाच्या सुगंधाचा ‘पेट्रिकोर’ हा शब्द दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी अलीकडे, १९६४ मध्ये घडवला आणि तो आता चांगलाच रुळला आहे.

आपल्याला सुरुवात करायची असल्यास ऑक्सफर्डचा मोठा कोश उघडावा. त्यात प्रत्येक अर्थाखाली सनावळीसह अवतरणे दिलेली असल्यामुळे शब्द खरोखर कुणी लिहिला होता की नाही हे तपासता येते. नुसत्या याद्यांमध्ये ती सोय नसते. वाचकाला अडखळायला लावणारे असे शब्द मी माझ्या लेखनात सहसा वापरत नाही. ‘एग्लेट’ मात्र मी निःसंकोच वापरतो, कारण बुटाच्या नाडीच्या टोकाशी असलेल्या त्या छोट्या नळीला एका शब्दात ओळखण्याचा दुसरा सोपा मार्ग मला इंग्रजीत सापडलेला नाही.